चाळीस मिनिटांच्या चालण्यासाठी काही पॉडकास्ट, आणि ते माझ्याकडे का टिकले

रोज चाळीस मिनिटं चालता, दोन-तीन गप्पांचे पॉडकास्ट लावून पाहिले, दहाव्या मिनिटाला लक्ष उडालं, आणि आता लोक यात एवढं काय ऐकतात असा प्रश्न पडलाय, असं तुम्ही लिहिलंय. इंग्रजी चालेल पण उच्चार समजायला जड नकोत, अशीही अट आहे. मी अकरा वर्षं जवळपास रोज ऐकतेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक सांगते, लक्ष उडालं यात तुमचं काही चुकलं नाही. दोन माणसं माईकसमोर बसली, दोन तास बोलली आणि ते जसंच्या तसं टाकून दिलं, तर त्यातलं कामाचं काय ते निवडत बसायची जबाबदारी ऐकणाऱ्यावर येते. माझ्याकडे जे टिकलेत त्यांच्यात साम्य एवढंच, की ऐकणाऱ्याचा वेळ वाया जाऊ नये म्हणून कुणीतरी आधी स्वतःचा वेळ ओतलाय.

सुरुवात ‘नाइन्टीनाइन पर्सेंट इनव्हिजिबल’पासून करा. रोमन मार्स यांनी २०१० मध्ये सुरू केलेला हा पॉडकास्ट. विषय म्हणजे आपल्या आजूबाजूच्या बनवलेल्या वस्तू, इमारती, खुणा, ज्यांच्याकडे आपण कधी नीट पाहतच नाही. मार्स यांचा आवाज संथ आणि स्पष्ट आहे, त्यामुळे उच्चारांची अडचण येणार नाही. पहिलाच भाग ऐकायचा तर न्यूयॉर्कच्या सिटीकॉर्प सेंटरचा ऐका. ही ५९ मजली इमारत १९७७ साली पूर्ण झाली. जागेच्या एका कोपऱ्यात चर्च होतं, त्यामुळे इमारतीचे उंच खांब चार कोपऱ्यांत न देता चारही बाजूंच्या मधोमध दिले. टेबलाचे पाय कोपऱ्यांऐवजी कडांच्या मध्यावर लावलेत अशी कल्पना करा, म्हणजे चित्र उभं राहील. डायान हार्टली नावाची विद्यार्थिनी प्रबंधासाठी या इमारतीचे हिशेब मांडत होती. कोपऱ्यावर तिरका आदळणारा वारा धरला तर आकडे जुळेनात. पुढे १९७८ मध्ये मुख्य अभियंत्याच्याही लक्षात आलं की जोड वेल्डिंगचे ठरले होते आणि प्रत्यक्षात बोल्टचे बसवलेत, म्हणजे मोठ्या वादळात इमारत कोसळू शकते. मग रोज रात्री, कर्मचारी घरी गेल्यावर, जोड पक्के करायला वेल्डर आत शिरायचे आणि सकाळ व्हायच्या आत आवरून निघायचे. मधेच एक चक्रीवादळ किनाऱ्याकडे यायला निघालं होतं, ते समुद्रातच वळलं. त्या काळात शहरातल्या वर्तमानपत्रांचा संप चालू होता, त्यामुळे हे प्रकरण लोकांसमोर यायला १९९५ उजाडलं. हार्टलींनाही आपण योग्य जागी बोट ठेवलं होतं हे कित्येक वर्षांनी, टीव्हीवरचा एक माहितीपट पाहताना कळलं. ही हकिकत त्यांच्याच तोंडून ऐकताना मी चालायची थांबले होते. लेखात ती मी आधी वाचलेली होती. पण आपल्या हिशेबाचं पुढे काय झालं हे इतक्या उशिरा समजलेल्या माणसाचा आवाज लेखात नसतो.

तुमची चाळीस मिनिटं बरोबर भरून काढणारा म्हणाल तर बीबीसी रेडिओ ४ चा ‘इन अवर टाइम’. १९९८ साली सुरू झाला आणि २०२५ पर्यंत मेल्विन ब्रॅग यांनी चालवला. एक विषय, त्यातले तीन अभ्यासक, बस. शून्य, प्रकाशसंश्लेषण, सम्राट अशोक, काहीही असू शकतं. भाग हजाराच्या वर आहेत आणि क्रमाने ऐकायची गरज नाही. यात मला सगळ्यात आवडतं ते ब्रॅग यांचं टोकणं. अभ्यासक आडवळणाला लागले की ते मध्येच थांबवतात आणि मुद्द्यावर आणतात, आणि एखादी गोष्ट स्वतःला कळली नसेल तर ती पुन्हा सांगायला लावतात. ते मूळचे लेखक, बहुतेक विषय त्यांच्या अभ्यासाबाहेरचे, म्हणून त्यांचे प्रश्न आपल्या मनातलेच असतात. रेडिओवरची वेळ संपल्यावरची काही मिनिटं पॉडकास्टमध्ये जोडलेली असतात. ‘काय राहून गेलं?’ असं विचारलं जातं, तिघेही मोकळे होतात, कधीकधी एकमेकांशी असलेले मतभेद तेव्हाच बाहेर येतात, आणि शेवटी निर्माता आत येऊन चहा की कॉफी विचारतो. ही शेवटची मिनिटं सोडू नका.

आता माझ्या सगळ्यात जवळचा. ‘इअर हसल’ २०१७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन क्वेंटिन तुरुंगात सुरू झाला, आणि तोही कैद्यांच्या सहभागाने. नायजेल पुअर या तिथे स्वयंसेवक म्हणून जाणाऱ्या कलाकार, अर्लन वुड्स आणि अँटवन विल्यम्स हे शिक्षा भोगणारे. तुरुंगातलं सनसनाटी काही दाखवायचं, हा त्यांचा हेतूच नाही. पहिला भाग आहे कोठडीतल्या जोडीदाराबद्दल, इतक्या लहान जागेत दुसऱ्या माणसाबरोबर राहायचं कसं याबद्दल. त्यात दोन सख्खे भाऊ आहेत, ज्यांना वाटलं एकत्र राहायला मिळालं तर किती छान, आणि मग ते जमलं नाही. घराघरातली गोष्ट आहे ही, फक्त दार बाहेरून बंद. प्रत्येक भाग तुरुंगाच्या अधिकाऱ्याने मंजूर करावा लागायचा, आणि ते मंजूर केल्याचं अधिकारी स्वतःच भागाच्या शेवटी सांगायचे. वुड्स यांची शिक्षा गव्हर्नरांनी २०१८ मध्ये कमी केली, ते सुटले आणि बाहेरून काम करत राहिले. त्यामुळे पुढचे भाग सुटून आलेल्यांच्या आयुष्याबद्दलही आहेत.

इथे एक सेटिंग सांभाळा. बऱ्याच ॲपमध्ये बोलण्यातल्या शांत जागा आपोआप कापायची सोय असते. वेळ वाचतो म्हणून मी ती चालू ठेवली होती. याच पॉडकास्टमध्ये एका माणसाला त्याच्या गुन्ह्याबद्दल विचारलं आणि त्याने झटकन उत्तर दिलं, तेव्हा मला तो निर्ढावलेला वाटला. काही दिवसांनी तोच भाग दुसऱ्या फोनवर, ती सोय बंद असताना लागला. प्रश्न आणि उत्तर यांच्या मध्ये भली मोठी शांतता होती, आणि त्या शांततेत त्याने घेतलेला एक श्वास. मी त्या माणसाबद्दल साफ चुकीचं मत करून बसले होते. त्या दिवसापासून ती सोय बंद आहे. वेग वाढवायचाच तर बातम्यांना वाढवा, माणसांना नको.

गाण्यांची आवड असेल तर ‘साँग एक्स्प्लोडर’. हृषिकेश हिरवे यांनी २०१४ मध्ये सुरू केला. गाणं करणारा कलाकार ते गाणं सुटं करून दाखवतो: आधी नुसता ड्रम, मग नुसता आवाज, मग घरी फोनवर केलेलं पहिलं कच्चं रेकॉर्डिंग. शेवटी अख्खं गाणं. भाग लहान असतात, परत येताना एक सहज होतो. हिरवे मुलाखत घेतात आणि नंतर स्वतःचे प्रश्न पूर्ण काढून टाकतात, त्यामुळे कलाकार थेट आपल्याशीच बोलतोय असं वाटतं. होस्ट म्हणून इतकं मागे राहणं फार थोड्यांना जमतं.

पैशांच्या व्यवहारांबद्दल एनपीआर या अमेरिकेतल्या सार्वजनिक रेडिओचा ‘प्लॅनेट मनी’ चांगला आहे, २००८ च्या आर्थिक संकटातून जन्मलेला, भाग छोटे. त्यांनी एकदा साधा टी-शर्ट बनवून घेतला आणि त्याचा कापसाच्या शेतापासून शिलाईपर्यंतचा प्रवास देशोदेशी जाऊन टिपला. ती मालिका शोधून ऐकाच.

‘सीरियल’चं नाव तुम्हाला कुणीतरी सुचवेलच. २०१४ च्या त्या पहिल्या पर्वामुळे पॉडकास्ट हा प्रकार घराघरात पोचला हे खरं. १९९९ साली बाल्टिमोरमध्ये झालेला ‘हे मिन ली’ या शाळकरी मुलीचा खून, त्यात दोषी ठरलेला तिचा पूर्वीचा मित्र अदनान सय्यद, आणि त्या निकालाबद्दलच्या शंका. सारा केनिग यांचं कथन विलक्षण आहे, पकडून ठेवतं. तरीही मी तो पहिला म्हणून सुचवणार नाही. सय्यदला दोषी ठरवणारा निकाल २०२२ मध्ये रद्द झाला, मग पुन्हा कायम झाला, २०२५ मध्ये न्यायाधीशांनी भोगली तेवढी शिक्षा पुरे म्हणून त्याला मोकळं ठेवलं. या सगळ्यात मुलीच्या भावाने कोर्टात सांगितलं की माझ्यासाठी हा पॉडकास्ट नाही, माझं आयुष्य आहे. हे कळल्यावर मी गुन्ह्यांवरचे पॉडकास्ट फार निवडून ऐकते. ज्यात गेलेल्या माणसाला नुसतं कोड्यातला पुरावा करून टाकलंय, ते मी बंद करते. तुम्ही ऐकलात तर त्या मुलीचं नाव लक्षात ठेवून ऐका.

चालण्याची सवय पक्की झाली की लांबचा पल्ला घ्या. माइक डंकन यांनी २००७ ते २०१२ मध्ये रोमचा इतिहास आणि नंतर ‘रेव्होल्यूशन्स’ केला. इंग्लंड, अमेरिका, फ्रान्स, हैती, असं करत रशियापर्यंतच्या क्रांत्या. एकच माणूस, संथ आवाज, सोपं इंग्रजी. रोमचे सुरुवातीचे भाग ध्वनीच्या दृष्टीने कच्चे आहेत, तेवढं सोसा. हैतीचं पर्व मात्र आधीची न ऐकताही घेता येतं, आणि गुलामांनी उठाव करून स्वतःचं राष्ट्र उभं केलं ही गोष्ट आपल्याकडे इतकी कमी सांगितली जाते की मी ती भेटेल त्याला ऐकायला लावते.

मराठीत लांब गप्पांचेच पॉडकास्ट जास्त आहेत आणि तुम्ही त्यालाच कंटाळलात, हे मला समजतं. तरी सौमित्र पोटे यांच्या ‘मित्रम्हणे’ला एक संधी द्या, पण होस्टकडे न बघता पाहुण्याकडे बघून भाग निवडा. ज्या माणसाबद्दल तुम्हाला आधीच कुतूहल आहे त्याचा लावा.

उच्चारांचं म्हणाल तर ‘नाइन्टीनाइन पर्सेंट’च्या भागांचा लिखित मजकूर त्यांच्या संकेतस्थळावर मिळतो. पहिले चार-पाच भाग घरी मजकूर डोळ्यांसमोर ठेवून ऐका, मग चालताना. माझ्या आईने असंच केलं. आठवड्याभरात तिने मजकूर बाजूला ठेवला, आणि सिटीकॉर्पचा भाग तिने मला, मी आधीच ऐकलाय हे माहीत असूनही, पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितला.