उदमांजर, देवमासा, देवगांडूळ : नावातलं मांजर किती खरं?

प्रश्न गोव्यातल्या डिचोलीहून आला आहे. सहावीतल्या मुलीने पेपरात लिहिलं, 'उदमांजर नदीत राहतं आणि मासे खातं.' बाईंनी त्यावर फुली मारून शेजारी लिहिलं, 'उदमांजर झाडावर राहते.' आजीचं म्हणणं, नातीचंच बरोबर. वडिलांची शंका आणखी पुढची: मुळात जे मांजर नाहीच त्याला मांजर म्हणायचं कशाला? देवमासा मासा नाही, देवगांडूळ गांडूळ नाही. नावं ठेवणाऱ्यांना प्राणी ओळखताच येत नव्हते की काय?

आधी उदमांजर. मुलीचं बरोबर आहे आणि पंचाईत अशी की बाईंचंही बरोबर आहे. आपल्याकडे घरात 'उदमाजर' म्हटलं की पाण्यातलं जनावर डोळ्यांपुढे येतं. चोडण बेटाच्या खारफुटीत आणि मानशींच्या, म्हणजे खाडीचं पाणी अडवणाऱ्या दारांच्या, आसपास दिसतं ते, अंगाला तेल चोपडल्यासारखं गुळगुळीत. पुस्तकी मराठीत त्याला पाणमांजर म्हणतात. घाटावरच्या पुस्तकांतलं उदमांजर मात्र रात्रीचं कौलांवरून धावतं, पिकली फळं खातं आणि माडावरच्या सुरेच्या मडक्यात तोंड घालतं. त्यालाच काळमांजर किंवा कांडेचोर अशीही नावं आहेत. बाईंच्या डोक्यात हे होतं.

एकाच नावाखाली ही दोन जनावरं कशी आली? पाण्यातल्याची कुळकथा सरळ आहे. संस्कृतात 'उद्र' म्हणजे पाण्यात राहणारा प्राणी, हाच. उदक, उदधी, समुद्र या सगळ्यांत जो पाण्याचा धातू आहे तोच त्यात आहे आणि इंग्रजी 'ऑटर'ही त्याच घराण्यातला. म्हणजे उदमांजर हे शब्दशः पाणमांजरच झालं. झाडावरच्याच्या बाबतीत माझा अंदाज सांगतो, पटला तर घ्या. मराठीत दुसराही एक 'ऊद' आहे, निखाऱ्यावर घालतात तो, अरबीतून आलेला. कांडेचोराच्या शेपटीखाली वासाच्या ग्रंथी असतात आणि त्याच्या गोतातल्या जवादी मांजराची कस्तुरी तर अत्तरवाले वापरत आले. वासाचं मांजर म्हणून ते उदमांजर झालं असावं. दोन वेगळे ऊद, पुढे तेच मांजर, आणि डिचोलीत एक गुण गेला.

आता ही मांजरं आहेत का? दोन्ही नाहीत. पाण्यातलं मुंगसासारखं दिसलं तरी मुंगसाचंही नाही, ते विझल नावाच्या लांबुडक्या, छोट्या शिकारी प्राण्याच्या कुळातलं. कांडेचोराचं कूळ स्वतंत्र आहे, पण दोघांत मांजराला जवळचा तोच.

मराठीत प्राण्याच्या जोडनावातलं दुसरं पद गोत्र सांगत नाही, चण सांगतं. मांजराएवढं, चार पायांचं, लांब शेपटीचं, दबकत फिरणारं ते मांजर. खवल्या मांजराच्या तोंडात एकही दात नाही, जीभ लांबलचक, अंगावर आपल्या नखांच्याच द्रव्याचे खवले, खाणं मुंग्या आणि वाळवी. यात मांजर कुठून आलं म्हणून हसायला जावं, तर आजचं वर्गीकरण म्हणतं की हयात प्राण्यांत त्याचे सगळ्यांत जवळचे नातलग मांसाहारी गणातले, म्हणजे मांजर-कुत्र्यांच्या शाखेतलेच. नाव ठेवणाऱ्याने हे पाहून ठेवलं नव्हतं हे उघड आहे, पण बाण लागला.

खरी मेख पहिल्या पदात असते. मागे 'रान' लागलं तर नातं बहुधा खरं निघतं: रानमांजर मांजरच, रानडुक्कर डुक्करच, तांबडा रानकोंबडा तर आपल्या खुराड्यातल्या कोंबड्याचा पूर्वज. 'पाण' लागलं की सावध व्हावं. पाणकावळा कावळा नाही, पाणकोंबडी कोंबडी नाही, पाणघोडा घोडा नाही. पाणम्हैस मात्र खरीच म्हैस, म्हणजे हाही नियम पोलादी नाही. आणि चुकायला पहिलं पदच लागतं असंही नाही. आपल्या गोव्याच्या राज्यप्राण्याला आपण गवारेडा म्हणतो; रेडा म्हशीच्या जातीचा, गवा गायीच्या. इंग्रजीवाले त्यालाच बायसन म्हणतात, तेही चूक. फिट्टंफाट.

राहिला 'देव'. देवगांडूळ मी पहिल्यांदा सत्तरी तालुक्यात पाहिलं. जुलै महिना, ओळखीच्यांचं कुळागर, पोफळीच्या आळ्यातली माती ओढणं चाललेलं. फावड्यासरशी वीतभर काहीतरी बाहेर पडलं. "भाई, कुशीक सरात! जिवाणें!" (बाजूला व्हा, साप!) म्हणत गड्याने कोयता उचलला. मी वाकून पाहिलं. जांभळट तपकिरी, अंगभर वळ्या, गांडुळासारखंच ओलं. पण गांडूळ बोटात लिबलिबतं. हे हातात घेतल्यावर आतून ताठ होतं, कारण त्याला कणा आहे. डोळ्याच्या जागी नुसता ठिपका. खाली सोडताच नाक मातीत खुपसून दोन मिनिटांत दिसेनासं झालं. त्याला जबडा असतो, जबड्यात दात असतात आणि त्याचा जवळचा नातलग बेडूक. बिनपायाचा उभयचर. याच सत्तरीतल्या केरीत सापडलेल्या एका जातीचं 2007 मध्ये शास्त्रीय नाव ठेवलं गेलं, गेगेनिओफिस गोवाएन्सिस.

हा 'देव' पूजेचा नाही. माणसाने न लावलेलं, माणसाच्या मापात न बसणारं, थोडी भीती वाटावी असं, ते देवाचं. देवीच्या रोगाला देवी म्हणण्यात जी धास्ती होती तिचीच ही सौम्य सावली, असं मला वाटतं. देवमाशात तो आकाराने आला. मासा म्हणावा तर देवमासा हवेत श्वास घेतो, पिलाला दूध पाजतो, आणि शेपूट माशासारखी डावी-उजवीकडे न हलवता वर-खाली हलवतो. गंमत म्हणजे 2024 साली ब्राझीलमधल्या देवगांडुळाच्या एका जातीबद्दल प्रसिद्ध झालं की तिची मादी पिल्लांना दुधासारखा स्निग्ध द्रव पाजते. उभयचरांकडून ही अपेक्षा कुणी केली नव्हती. दोन्ही 'देव' दुभते निघाले.

गड्याला मी तेव्हा नाव सांगितलं होतं. तो कोयता खाली ठेवत म्हणाला, "देव म्हणटात जाल्यार मारूंक नजो." देव म्हणतात तर मारू नये. आणि परत आळं ओढायला लागला.

मुलीला सांगा, पेपरात नदीतल्याला पाणमांजर लिही आणि आजीशी बोलताना उदमाजरच म्हण. बाईंना भेटणार असाल तर भांडायला जाऊ नका, 'उद्र' तेवढा सांगा. गुण मिळाला तर कळवा.