कॉलेज संपतच नाही, तर टॅक्स क्रेडिट मिळेल का?

प्रश्न : माझा भाचा न्यू जर्सीत असतो, अमेरिकन सिटिझन आहे, नोकरी करत कॉलेजचं सहावं वर्ष चाललंय, मेजर (मुख्य विषय) दोनदा बदलून झाला. फी स्वतःच भरतो. त्याला टॅक्समध्ये काही मिळेल का?
– एक मावशी, दादर

उत्तर : टॅक्स क्रेडिट, म्हणजे भरायच्या टॅक्समधून थेट वजा होणारी रक्कम, मिळू शकतं, फक्त कुठलं ते बघायला हवं. अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी क्रेडिट मोठं, वर्षाला २५०० डॉलरपर्यंत, पण एका विद्यार्थ्यासाठी चारच वर्षं, त्यामुळे चारदा घेऊन झालं असेल तर तो विषय संपला. मग उरतं लाइफटाइम लर्निंग क्रेडिट, त्याला वर्षांची मर्यादाच नाही, एखादा कोर्स केला तरी चालतो, फीच्या पहिल्या १०,००० डॉलरवर २० टक्के म्हणजे जास्तीत जास्त २०००. पण यात रिफंड नाही हां, टॅक्सच लागत नसेल तर हातात काहीच येत नाही. एकट्याचं उत्पन्न ९०,००० ला पोचलं की दोन्ही बंद.

आणि मावशी, आईवडील त्याला रिटर्नमध्ये डिपेंडंट (आपल्यावर अवलंबून) दाखवत असतील तर क्रेडिट त्यांचं, फी त्याने भरली असली तरी! हे आधी बहिणीला फोन करून विचारा, घोळ बहुतेक इथेच होतो. बाकी कॉलेजकडून १०९८-टी हा फीचा फॉर्म घ्यायचा, रिटर्नला क्रेडिट मागायचा फॉर्म ८८६३ जोडायचा.