दोन सिझर झाल्यावर तिसऱ्या खेपेला नॉर्मल डिलिव्हरी होऊ शकते का?

ताई, पहिलं सिझर बाळ पायाळू म्हणून, दुसरं ‘आधीचं सिझर आहे’ म्हणून, आता पाचवा महिना, राहायला वाळपईला आणि या खेपेला नॉर्मल हवी, असं तुम्ही लिहिलंय. होऊ शकते. मात्र दोन अटी आहेत. गर्भपिशवीवरचे दोन्ही छेद खालच्या भागातले आणि आडवे असले पाहिजेत. आणि कळा देताना तुम्ही अशा ठिकाणी असायला हव्यात, जिथे थिएटर, भूलतज्ज्ञ, रक्त आणि नवजात बाळांचा विभाग रात्री दोन वाजताही तयार असतो.

आधी छेदाचं बघू, कारण इथेच सगळ्यात जास्त गैरसमज असतो. पोटावरचा व्रण आडवा दिसतो म्हणून आतला छेदही आडवाच असेल असं नाही. कातडी आडवी आणि पिशवी उभी कापलेली असू शकते, विशेषतः बाळ फार आधी जन्मलं असेल किंवा पोटात आडवं असेल तर. म्हणून दोन्ही वेळची डिस्चार्ज कार्डं शोधा. त्यावर ‘एलएससीएस’ लिहिलेलं असेल तर बहुधा खालचा आडवा छेद. तरी तेवढ्यावर थांबू नका. हॉस्पिटलात अर्ज देऊन ऑपरेशन नोट्सची प्रत मागा. ‘क्लासिकल’, ‘अपर सेगमेंट’, ‘इन्व्हर्टेड टी’, ‘जे’ यांपैकी एक शब्द जरी दिसला, किंवा पूर्वी पिशवी फाटल्याचा उल्लेख असला, तर नॉर्मलचा विचार सोडा. पिशवी आतपर्यंत उघडून फायब्रॉइड (गर्भपिशवीतल्या गाठी) काढले असतील तरी तसंच.

‘एकदा सिझर म्हणजे कायम सिझर’ हे वाक्य न्यूयॉर्कच्या एडविन क्रेगिन या डॉक्टरांनी १९१६ मध्ये लिहिलं, तेव्हा पिशवी उभीच कापली जायची आणि तो व्रण कळांमध्ये उसवण्याची भीती खूपच मोठी होती. खालच्या आडव्या छेदामुळे हिशेब बदलला. एका सिझरनंतर आपोआप कळा आल्या तर व्रण उसवण्याचं प्रमाण साधारण २०० मध्ये १ आहे. दोननंतर ते १०० मध्ये १ ते दीडच्या आसपास जातं. प्रयत्न करणाऱ्यांपैकी सुमारे ७० टक्के जणींची नॉर्मल होते. उरलेल्यांचं कळांमध्येच सिझर करावं लागतं, आणि त्यात ठरवून केलेल्या सिझरपेक्षा रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग जास्त होतो. हा भागही मान्य असेल तरच पुढे जा. पायाळू हे कारण तुमच्या बाजूचं आहे, कारण यावेळी बाळ डोक्यावर असेल तर ते उरतच नाही. पूर्वी एकही नॉर्मल झालेली नाही, हे थोडं विरुद्ध जातं.

आता जागा. बरेच डॉक्टर एका सिझरनंतर तयार होतात, दोननंतर नाही म्हणतात. त्यांच्याकडे रात्री भूलतज्ज्ञ नसेल तर ते बरोबरच करतात. वाळपईहून बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजला पोचायला तास-सव्वा तास, पावसाळ्यात त्याहून जास्त. व्रण उसवला तर हातात मिनिटं असतात. म्हणून तिथे आत्ताच नाव नोंदवा आणि तुमच्या दोन व्रणांवर ते प्रयत्न करू देतील का, हे कागद दाखवून विचारा. छत्तिसाव्या-सदतिसाव्या आठवड्यानंतर पणजी किंवा बांबोळीजवळ नातेवाईक असतील तर तिथे राहायला जा. कळा वाढायची वाट बघू नका. पहिली नेमाची कळ आली किंवा पाणी गेलं की निघा, गाडी नसेल तर १०८.

घरी एरंडेल, काढे घेऊन कळा आणू नका. कळा आणण्यासाठी मिसोप्रोस्टॉलची गोळी तर अजिबात नाही, जुन्या व्रणावर ती धोक्याची आहे. ऑक्सिटोसिनच्या सलाइननेही उसवण्याचा धोका दोन-तीन पटींनी वाढतो, त्यामुळे दोन सिझरनंतर कळा आपोआप येणं सगळ्यात चांगलं.

लेबर रूममध्ये हे व्हायलाच हवं: हातात १६ किंवा १८ नंबरची सुई, रक्त तुमच्या रक्ताशी जुळवून (क्रॉसमॅच करून) ठेवलेलं, पोटावर बाळाच्या ठोक्यांचा पट्टा सतत. व्रण उसवताना पहिली खूण बहुतेकदा ठोक्यांमध्येच दिसते, म्हणून पट्टा काढून ‘फिरून या’ असं कुणी म्हटलं तर विचारा. पाठीच्या कण्यातलं वेदनाशामक इंजेक्शन (एपिड्युरल) घ्यायला हरकत नाही, त्याने उसवणं लपत नाही. कळा नीट लागल्यावर चार तासांत पिशवीचं तोंड दोन सेंटिमीटरही पुढे उघडलं नाही, तर ओढत बसू नये. पोट दाबून बाळ खाली ढकलणं कुणालाही करू देऊ नका. आणि कळ गेल्यावरही न थांबणारी दुखी, टाक्यांच्या जागी आग, अंगावरून लाल रक्त, लघवीत रक्त, खांद्यात कळ किंवा जोरात चाललेल्या कळा अचानक बंद होणं, यातलं काहीही जाणवलं तर लगेच ओरडून सांगा.

वार (प्लासेंटा) कुठे आहे हे मात्र सगळ्यात आधी ठरवायला हवं. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत वार खाली, जुन्या व्रणावर दिसली तर ३२ आठवड्यांना पुन्हा तपासा. ती पिशवीचं तोंड झाकून तिथेच राहिली तर नॉर्मलचा प्रश्नच मिटतो, आणि तिसऱ्या सिझरला वार पिशवीत रुतलेली असण्याची शक्यता सुमारे ४० टक्के असते. असं सिझर छोट्या नर्सिंग होममध्ये करायचं नाही. वार वर असेल आणि तुम्ही ठरवून सिझर निवडलंत, तर साधारण ३९ आठवड्यांना तारीख घ्या. त्याआधी कळा सुरू झाल्या तर काय करायचं, हे फाइलवर डॉक्टरांकडून लिहूनच घ्या, म्हणजे रात्री ड्युटीवर कुणीही असो, नव्याने ठरवायची वेळ येणार नाही.