जपून ठेवलेलं सामान आता कार्डात लाव

बाई, तू म्हणते हातानं शुभेच्छा कार्ड बनवायला पेटीभर लेस, टिकल्या, जरीचा कागद साठवला अन कापायला हात धजत नाही, तर पहिले ती पेटी सतरंजीवर पूर्ण ओत. आपल्या इकडं उन्हाळ्यात पारा 45 च्या वर जातो, टिनाच्या खोलीत ठेवलेलं सामान वाट पाहत नाही. माझ्या स्टिकरच्या शीट अशाच गेल्या, गोंद पिवळा पडून सुकला, बोट लावलं की फूल कागद सोडून खाली, चार वर्षं जपले होते मी ते, लय जीवाला लागलं. म्हणून गोंदवालं आधी संपव, स्टिकर, डबल टेप वगैरे. मणी अन आरसे थांबू शकतात.

कागद 250 जीएसएमचा, म्हणजे जाड कार्डाचा घे, झेरॉक्सचा वजन पेलत नाही. ए4 मधून आडवा काप अन दोन्ही तुकड्यांची घडी घाल, एका शीटमध्ये दोन कार्ड होतात. घडीच्या जागी आधी स्केल ठेवून संपलेल्या रिफिलनं दाबून रेघ ओढ, मग कागद तडकत नाही. लेसला फेविकॉल अगदी पातळ लाव, जास्त झालं तर कागद फुगतो, अन रात्रभर जाड पुस्तकाखाली ठेव.

सगळ्यात लाडका तुकडा पहिल्याच कार्डात लाव बरं, शेवटासाठी नको ठेवू. अन बैलाच्या शिंगाचं उरलेलं बेगड असेल तर बोटभर पट्टी कापून तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे लेकरांच्या लाकडी बैलांच्या सणाच्या, कार्डावर लाव, घरातलं लेकरू ते कार्ड हातातून सोडत नाही.