कोरियाची तीन राज्यं: सुरुवात कुठून करावी

राजांची यादी पाठ करायला लगेच बसू नका. आधी नकाशावर हान नदीचं खोरं शोधा, म्हणजे गोगुर्यो, बेक्जे आणि सिल्ला ही तीन राज्यं कशासाठी भांडत होती ते आपोआप उलगडेल. सुपीक जमीन आणि पश्चिमेच्या समुद्रातून थेट चीनशी संपर्क! ४७५ मध्ये गोगुर्योच्या जांगसू राजाने बेक्जेची राजधानी हान्सोंग जिंकली आणि बेक्जेला दक्षिणेला उंगजिनला, म्हणजे आजच्या गोंगजूला, बस्तान हलवावं लागलं. सहाव्या शतकाच्या मध्यात हेच खोरं सिल्लाच्या जिनहंग राजाने घेतलं आणि पारडं फिरलं.

नवखे हमखास अडकतात ते सनावळीत. ‘सामगुक सागी’ हा या तीन राज्यांच्या इतिहासाचा ग्रंथ ११४५ चा. त्यात सिल्लाची स्थापना इ.स.पू. ५७, गोगुर्योची ३७ आणि बेक्जेची १८ दिली आहे. ही परंपरेने आलेली सालं आहेत, जपून वापरा. जमेल तिथे कोरीव लेखाशी ताडून बघा. गोंगजूला १९७१ मध्ये सापडलेल्या बेक्जेच्या मुर्योंग राजाच्या थडग्यातला कोरीव दगड तर बघाच: नाव ‘सामा’, वय ६२, आणि मृत्यूचं साल साठ वर्षांच्या चक्रात दिलेलं, आपल्या हिशेबाने ५२३. ‘मुर्योंग’ हे मरणोत्तर नाव, ते दगडावर शोधत बसू नका.

आणि ६६० ला बेक्जे, ६६८ ला गोगुर्यो पडलं, एवढ्यावर एकीकरण झालं असं समजू नका. मदतीला आलेल्या चीनच्या तांग घराण्याच्या सैन्याशी सिल्लाला ६७६ पर्यंत लढावं लागलं, आणि उत्तरेत ६९८ मध्ये बाल्हे हे नवं राज्य उभं राहिलं.