तीन तासांची झोप आणि तरीही ताजातवाना

प्रश्न : माझा धाकटा भाऊ 27 वर्षांचा आहे. दीड वर्षापूर्वी तो दोन महिने अंथरुणातून उठत नव्हता. यंदा गणपतीत मात्र रोज तीन तास झोपून मखराचं काम करत होता, अखंड बोलत होता, हप्त्यांवर दोन महागडे कॅमेरे घेऊन आला. डॉक्टरांनी बायपोलरचं (कधी नैराश्य, कधी अती उत्साह, अशा आजाराचं) निदान करून मूड स्थिर ठेवणारं लिथियम सुरू केलंय. आई म्हणते, मूड तर सगळ्यांचाच बदलतो. तो निर्जळी उपवासही करतो, ते चालेल का?

उत्तर : आईंना झोपेवरून समजावून सांगा. काळजीनं झोप उडालेला माणूस सकाळी मरगळलेला असतो. तुमच्या भावाला झोपेची गरजच वाटत नव्हती. मेनियाची ही फार बोलकी खूण आहे. अशी चढलेली अवस्था किमान 7 दिवस, दिवसाचा बराचसा वेळ टिकली किंवा रुग्णालयात दाखल करावं लागलं, तर तिला मेनिया म्हणतात. नैराश्यासाठी ही मुदत 2 आठवड्यांची आहे.

दीड वर्षापूर्वीची औषधांची चिठ्ठी सापडली तर डॉक्टरांना जरूर दाखवा. बायपोलरमध्ये नुसत्या नैराश्याच्या गोळ्या दिल्यानं काहींचा मेनिया उसळतो.

निर्जळी उपवास मात्र अजिबात नको. अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की मूत्रपिंड सोडियम धरून ठेवतं आणि त्याच्याबरोबर लिथियमही. गोळी तेवढीच, पण रक्तातली पातळी चढत जाते. जुलाब लागले, उन्हात फार घाम गेला, तरी हेच होतं. अळणी जेवणही मनानं सुरू करू नका. अंगदुखीवर आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक परस्पर घेऊ नयेत. त्यांनीही पातळी वाढते.

लिथियमची पातळी तपासायला रक्त शेवटच्या गोळीनंतर 12 तासांनी द्यायचं. रात्री 9 ला गोळी घेतली तर सकाळी 9 ला, आणि सकाळची गोळी असेल तर ती रक्त दिल्यावर. हे चुकलं की आकडा फसवा येतो आणि डोस विनाकारण बदलला जातो. पातळी साधारण 0.6 ते 1.0 मिलिमोल प्रति लिटरच्या दरम्यान ठेवतात. डोस बदलल्यावर आठवड्याभरानं पुन्हा तपासणी. शिवाय दर सहा महिन्यांनी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), थायरॉइड आणि कॅल्शियम.

लिथियमनं बोटांना बारीक कंप सुटणं नेहमीचं आहे, पुढच्या भेटीत सांगितलं तरी चालतं. पण कपातला चहा सांडावा इतका हात हलू लागला, उलट्या-जुलाब सुरू झाले, झोक जाऊ लागला किंवा बोलताना जीभ जड झाली, तर लिथियमची पातळी फार चढलेली असू शकते; पुढची गोळी न देता लगेच रुग्णालय गाठा.

बरं वाटतंय म्हणून त्याला गोळ्या एकदम सोडू देऊ नका. मेनिया त्यानंतरच उलटण्याचा धोका मोठा असतो. कॅलेंडरवर रोज झोपेचे तास लिहा. लागोपाठ दोन रात्री झोप घटली आणि तरी तो उत्साहातच दिसला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करा. जगण्यात अर्थ नाही अशी भाषा आली, तर त्याला एकटं सोडू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.