वाचकांचे प्रश्न : घराण्यातला ‘सर’ आणि त्याची सनद

प्रश्न : पणजोबांच्या नावाआधी जुन्या कागदांत ‘सर’ लिहिलेलं आहे. हा किताब वंशपरंपरेचा होता, असं घरात सगळे सांगतात. खात्री कशी करायची?

नुसत्या ‘सर’वरून काही ठरत नाही. नाइट आणि बॅरोनेट दोघांनाही ‘सर’ लागतं, दोघांच्याही पत्नीला ‘लेडी’ म्हणतात. नाइटहूड मात्र त्या माणसाबरोबर संपतं, बॅरोनेटसी वारसाकडे जाते. म्हणून आधी नावाच्या शेवटी काय आहे ते पाहा. ‘बार्ट.’ किंवा ‘बीटी.’ असेल तर बॅरोनेट. के.सी.एस.आय. किंवा के.सी.आय.ई. ही नाइटहूडची अक्षरं. तेवढीच असतील तर किताब त्या व्यक्तीपुरता. रावबहादूर, खानबहादूर हेही तसेच.

त्यानंतर ‘लंडन गॅझेट’. या राजपत्राचे जुने अंक इंटरनेटवर फुकट पाहता येतात. शोध बहुतेकदा अडतो तो स्पेलिंगमुळे. जीजीभाई हे एकच नाव ‘जे-ई-जे-ई-ई’ असंही सापडतं आणि ‘जे-ई-ई-जे-ई-ई’ असंही. आडनावाची चार-पाच रूपं करून पाहा, मग नुसत्या पहिल्या नावाने शोधा. तारखांचीही गल्लत होते. सन्मानांची यादी जाहीर झाल्याचा दिवस वेगळा आणि सनदेवर मोहोर उठल्याचा दिवस वेगळा. ज्येष्ठता सनदेच्या दिवसापासून मोजतात, तेव्हा तीच तारीख टिपून ठेवा.

नोंद सापडली की तिचं शेवटचं वाक्य जसंच्या तसं उतरवून घ्या. ‘त्याच्या देहापासून झालेले औरस पुरुष वारस’ अशा अर्थाचे शब्द तिथे असतात. औरस म्हणजे कायदेशीर लग्नातून झालेले. घराण्याचा पुढचा सगळा इतिहास त्या एका ओळीवर चालतो. घरातल्या आठवणी कितीही जिव्हाळ्याच्या असल्या तरी या ओळीपुढे त्यांचं काही चालत नाही.

प्रश्न : बॅरोनेटसी पैसे मोजून मिळायची, हे खरं का?

सुरुवातीला, हो. पहिल्या जेम्स राजाने १६११ मध्ये हा दर्जा निर्माण केला तो अल्स्टरमधल्या (आयर्लंडचा उत्तर भाग) सैन्याच्या खर्चासाठी. तीस शिपायांचा तीन वर्षांचा पगार, माणशी रोज आठ पेन्स. तीस आठे दोनशे चाळीस पेन्स, म्हणजे त्या काळचा बरोबर एक पौंड रोज. तीन वर्षांचे १,०९५ पौंड. बॅरोनेटच्या चिन्हात अल्स्टरचा लाल पंजा असतो तो यामुळेच. हा दर्जा उमरावांच्या खालचा. हाउस ऑफ लॉर्ड्सची जागा त्याबरोबर कधीच मिळाली नाही.

प्रश्न : मुंबईच्या जीजीभाई घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या ‘सर जमशेटजी’च कसे?

कायद्यानेच तसं ठरवलं होतं. जमशेटजी जीजीभाई १८४२ मध्ये नाइट झाले आणि १८५७ मध्ये बॅरोनेट. हा मान मिळालेले ते पहिले भारतीय. १८५९ मध्ये ते वारले, तेव्हा थोरले चिरंजीव कर्सेटजी वारस झाले आणि खास कायद्यानुसार त्यांनी ‘जमशेटजी जीजीभाई’ हेच नाव घेतलं. अशा कायद्यांत नावाबरोबर मिळकतीचीही सोय असे. किताब एकाकडे जाणार, पण मिळकत सगळ्या वारसांत वाटली गेली तर बॅरोनेटला इतमाम राखता येणार नाही. म्हणून ठराविक मिळकत विश्वस्तांच्या हाती देऊन किताबाशी बांधून टाकत.

पेटिट घराण्यातही हीच रीत. दिनशा माणेकजी पेटिट १८९० मध्ये बॅरोनेट झाले आणि १९०१ मध्ये वारले. दुसरे ‘सर दिनशा’ म्हणजे त्यांचे नातू. त्यांचं मूळ नाव जीजीभाई फ्रामजी. महंमद अली जिनांच्या पत्नी रत्तनबाई या दुसऱ्या सर दिनशांच्या कन्या. लेखांत त्यांना सर्रास पहिल्यांची मुलगी करून टाकतात. अशा घराण्यांच्या वंशावळीत आधी साल पक्कं करा, माणूस त्यानंतर ओळखा, आणि जन्मनाव नेहमी शेजारी लिहा.

प्रश्न : मुलगा नसेल तर किताब मुलीकडे किंवा दत्तकाकडे जातो का?

सनदेत वर दिलेले शब्द असतील तर नाही. मुलगी नाही, मुलीचा मुलगा नाही, दत्तकही नाही. भाऊ, काका किंवा चुलतभाऊ यांच्याकडे जाऊ शकतो, पण तो पहिल्या बॅरोनेटचाच पुरुषवंशज हवा. पहिल्याच बॅरोनेटला मुलगा नसेल तर त्याच्या सख्ख्या भावालाही काही मिळत नाही. काही सनदांत वेगळी तरतूद असते, म्हणून ती ओळ वाचल्याशिवाय अंदाज बांधू नका. कावसजी जहांगीर रेडीमनी निपुत्रिक होते आणि त्यांचं नाइटहूड १८७८ मध्ये त्यांच्याबरोबर संपलं. त्यांच्या दत्तक मुलाला १९०८ मध्ये बॅरोनेटसी मिळाली. ती त्याची स्वतःची, नवी.

‘औरस’ हा शब्द सर्वांत जास्त छळतो. बंगालचे सत्येंद्र प्रसन्न सिन्हा १९१९ मध्ये लॉर्ड झाले, ती उमरावी होती. १९२८ मध्ये ते वारले; मुलगा अरुणकुमार याचा हक्क मान्य व्हायला १९३९ साल उजाडलं. लग्न हिंदू पद्धतीने झालेलं, आणि त्या काळी हिंदू पुरुषाला एकाहून जास्त बायका करता येत. मग असं लग्न इंग्लंडच्या नजरेत लग्न ठरतं का, असा पेच होता. सिन्हा ब्राह्मो समाजात गेले होते आणि तिथे एकपत्नीत्व सक्तीचं, यावर तो सुटला. अलीकडे स्टिचिलच्या प्रिंगल घराण्याच्या १६८३ च्या बॅरोनेटसीचा निकाल प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायिक समितीने २०१६ मध्ये डीएनएच्या आधारे दिला आणि किताब दुसऱ्या शाखेकडे गेला.

प्रश्न : वारसाने पुढे काय करायचं?

बॅरोनेटांची अधिकृत नोंदवही १९१० च्या राजाज्ञेने सुरू झाली. तिच्यात नाव चढल्याशिवाय सरकारी कागदांत ‘सर’ लावत नाहीत. आधीच्या धारकाच्या मृत्यूचा दाखला, वारसाच्या जन्माचा आणि त्याच्या आईवडिलांच्या लग्नाचा, ही किमान तयारी. भावाकडे किंवा चुलत्याकडे जात असेल तर मधल्या प्रत्येक पिढीचे दाखले लागतात, शिवाय जवळच्या शाखांत पुरुष वारस उरला नाही याचा पुरावा. बहुतेक दावे याच ठिकाणी रखडतात. किताब नको असेल तर उमरावाला १९६३ च्या कायद्याने तो सोडता येतो. बॅरोनेटला तशी सोय नाही, त्याने नोंद करायची नाही इतकंच. भारतीय नागरिकांनी आपल्या संविधानाचं कलम १८ जरूर वाचावं: परकीय राज्याकडून किताब स्वीकारायला त्यात स्पष्ट मनाई आहे.